क्राउन व्हिक, ग्रँड मार्की की टाउन कार? जुनी मोठी अमेरिकन सेडान घेण्याआधी

अमेरिकेत नव्याने आलेल्याने जुनी गाडी घ्यायचा विषय काढला की ओळखीतले सगळे कॅमरी नाहीतर अकॉर्ड सांगतात. सल्ला वाईट नाही. पण तो सगळ्यांनाच मिळत असल्यामुळे त्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या तरी भाव सोडत नाहीत. घरात माणसं जास्त असतील, आई-बाबा सहा-सहा महिन्यांसाठी येत असतील, विमानतळाच्या खेपा चुकत नसतील, तर अमेरिकेच्या स्वतःच्या मोठ्या सेडानकडे एकदा बघायला हरकत नाही. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया (बोलण्यात क्राउन व्हिक), मर्क्युरी ग्रँड मार्की आणि लिंकन टाउन कार हे त्यातलं सगळ्यात परिचित त्रिकूट. जाहिरातींत तिन्ही शेजारी शेजारी दिसतात, किमतीही जवळपास असतात, आणि कोणती घ्यावी ते कळत नाही.

लोक नावाची, ट्रिमची (एकाच मॉडेलच्या साध्या-भारी श्रेणीची), चामड्याच्या सीटची तुलना करत बसतात. माझ्या मते तुलना करायची ती त्या विशिष्ट गाडीने आजवर काय काम केलं याची. तिथपर्यंत कसं पोचायचं ते क्रमाने बघू.

पहिली पायरी : जे सारखं आहे ते आधी खोडून टाका

या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, मर्क्युरी आणि लिंकन ही फोर्डचीच नावं. फोर्डच्या 'पँथर' नावाच्या एकाच सांगाड्यावर त्या उभ्या आहेत. हा सांगाडा १९७९ च्या मॉडेलपासून २०११ पर्यंत चालला. खाली ट्रकसारखी स्वतंत्र चासी, तिच्यावर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ताकद, मागे सलग ॲक्सल. आज बाजारात दिसणाऱ्या तिघींतही ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. शेवटची क्राउन व्हिक्टोरिया सप्टेंबर २०११ मध्ये कॅनडातल्या सेंट थॉमस इथल्या कारखान्यातून बाहेर पडली.

म्हणजे लिंकनचं नाव आहे म्हणून आत वेगळं, भारी इंजिन असेल, असं समजू नका. २००३ नंतरच्या साध्या क्राउन व्हिक आणि ग्रँड मार्कीला २२४ हॉर्सपॉवर आहे, टाउन कारला २३९. फरक मुख्यतः दोन सायलेन्सरमुळे आहे, रोजच्या वापरात तो कळतही नाही. पेट्रोल तिघींनाही साधं ८७ ऑक्टेनचं चालतं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे बरेचसे भाग एकमेकींना लागू पडतात. पोलीस आणि टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं या गाड्या वापरल्यामुळे भाग स्वस्त आहेत आणि कोणत्याही गावातल्या मेकॅनिकने यातली एक तरी उघडलेली असते. तेव्हा विश्वासार्हता, सुटे भाग आणि पेट्रोल या तीन मुद्द्यांवर बहिणींची तुलना करण्यात वेळ घालवू नका.

दुसरी पायरी : आधी साल ठरवा, मग नाव

नावापेक्षा सालामुळे पडणारा फरक मोठा आहे. १९९६ ते २००१ या काळातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनावरचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा पोचवणारा भाग, पूर्ण प्लास्टिकचा होता. त्याच्या पुढच्या टोकाला, अल्टरनेटरच्या खाली, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, वाहून नेणारा भाग असतो. तिथे चीर गेली की कूलंट गळतं आणि रस्त्यात गाडी तापते. नंतरच्या मॅनिफोल्डमध्ये तो भाग ॲल्युमिनियमचा केला. बोनेट उघडून तिथे टॉर्च मारा. काळं प्लास्टिक दिसलं तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. चंदेरी धातू दिसला तर आधीच्या मालकाने काम करून घेतलेलं आहे.

२००३ साली गाडी खालून बरीच बदलली. पुढची चासी नव्या पद्धतीची आली, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आलं. आधीच्या गाडीचं स्टिअरिंग मधोमध ढिलं वाटायचं, ते सुधारलं. त्यामुळे २००३ च्या आधीची गाडी फार स्वस्त आणि फार चांगली असल्याशिवाय बघूच नये. २००३ ते २००५ च्या क्राउन व्हिक आणि ग्रँड मार्कीत हेडलाइट सांभाळणारं मॉड्यूल बिघडून चालत्या गाडीचे दिवे अचानक जाण्याच्या तक्रारी आहेत. ते बदललंय का ते विचारा. आणि २००५ ते २०११ च्या तिन्ही गाड्यांसाठी २०१३ मध्ये रिकॉल निघाला होता, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. जिथे रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांत स्टिअरिंगचा एक शाफ्ट गंजून अडकू शकत होता. रिकॉलचं काम फुकट होतं, पण झालंय की नाही हे बघणं तुमच्यावर आहे. सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक टाकला की राहिलेले रिकॉल दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे.

माझा कौल २००६ ते २०११ ला.

तिसरी पायरी : तिघींत खरोखर वेगळं काय

ग्रँड मार्की आणि क्राउन व्हिक यांची लांबी साधारण २१२ इंच, म्हणजे पावणेअठरा फूट. टाउन कार २१५ इंचांच्या पुढे, आणि तिचं 'एल' मॉडेल आणखी सहा इंच लांब. ते सहा इंच सगळे मागच्या सीटच्या पायांपुढे मिळतात. अपार्टमेंटचं गॅरेज असेल तर निघण्याआधी त्याची खोली टेपने मोजा. गाडी बसते, पण शटर लागत नाही, असा प्रकार होतो.

डिकी तिन्हींची प्रचंड आहे, जवळपास २१ घनफूट. तिची रचना मात्र नीट बघून घ्या. पुढच्या बाजूला एक उंच ओटा असतो, त्यावर स्टेपनी असते, आणि बंपरच्या बाजूला खोल खड्डा. देशातून येणाऱ्या ५० पौंडांच्या बॅगा त्या खड्ड्यात उभ्या छान बसतात. पण त्या वर उचलून काढताना कंबर बोलते.

ग्रँड मार्कीला पुढे सलग बाकासारखी सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असतो. त्यामुळे कागदोपत्री सहा जण बसतात. पुढच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे, तिथे मूल बसवू नका. क्राउन व्हिकच्या काही मॉडेलमध्ये पुढे दोन वेगळ्या सीट आणि मध्ये कन्सोल असतो, तेव्हा ती पाचच जणांची. जाहिरातीतला पुढच्या सीटचा फोटो म्हणूनच बघायचा.

टाउन कारचा ताबडतोब जाणवणारा फरक म्हणजे शांतता आणि मऊपणा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात चढणं-उतरणं सोपं जातं, दार मोठं उघडतं. या आरामाचा एक भाग मागच्या एअर सस्पेन्शनमुळे येतो, आणि पुढे पैसे खाणारा भागही तोच. टाउन कारला ते मुळातच असतं, ग्रँड मार्कीला आणि क्राउन व्हिकला काही गाड्यांतच. मागे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. रबर जुनं होऊन चिरतं, हवा गळते, ती भरत राहून कॉम्प्रेसर थकतो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. मालकाला सांगा, गाडी आदल्या रात्रीपासून हलवू नका. सकाळी पोचल्यावर सुरू करायच्या आधी मागच्या टायर आणि वरच्या कमानीमधल्या फटीत बोटं घालून बघा, दोन्ही बाजूंना. मग गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बघा. मागचा भाग वर उचलला गेला तर रात्रभर हवा गळली आहे. या यंत्रणेचा एक स्विच डिकीत असतो. तो बंद करून ठेवलेला आढळला तर का, ते विचारा. फुगे काढून साध्या स्प्रिंग बसवलेली टाउन कार मिळाली तर मी तरी नाक मुरडणार नाही. थोडी धक्के देते, पण कटकट संपलेली असते.

एक भाऊही आहे यांना. मर्क्युरी मरॉडर, २००३ आणि २००४ मध्ये निघालेली, ३०२ हॉर्सपॉवरची. हौशी लोक तिचा भाव वाढवून ठेवतात. पहिली गाडी म्हणून तिच्या वाट्याला जाऊ नका.

चौथी पायरी : गाडीचं पूर्वायुष्य शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

२००८ च्या मॉडेलपासून अमेरिकेत क्राउन व्हिक्टोरिया सामान्य ग्राहकाला विकणं बंद झालं. त्यानंतरची प्रत्येक गाडी पोलिसांकडे, टॅक्सीकडे किंवा एखाद्या सरकारी नाहीतर कंपनीच्या ताफ्यात गेली. म्हणजे '२०१० क्राउन व्हिक, एकच मालक' अशी जाहिरात दिसली, तर तो एकच मालक एखादा काउंटी शेरिफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीस प्रमुख असण्याची शक्यता दाट आहे. विकणारा खोटं बोलत नसतो, अर्धंच बोलत असतो.

शहानिशा व्हीआयएनवरून करा. १७ अक्षर-अंकांतलं पाचवं ते सातवं स्थान बघा. तिथे 'पी७१' असेल तर ती पोलीस इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांसाठी बनवलेली गाडी. २०१० पासून तोच कोड 'पी७बी' झाला. 'पी७३' आणि 'पी७४' ही साधी मॉडेलं, त्यात पी७४ म्हणजे एलएक्स ही वरची ट्रिम. आता गाडी बघा. ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर स्पॉटलाइटचं बुजवलेलं भोक, छतावर अँटेनाची रबरी बुचं, गालिच्याऐवजी रबरी फरशी, डॅशबोर्डला रेडिओचे स्क्रू काढल्याच्या खुणा. मागच्या सीटवर बसून आतून दार उघडून बघा. कैदी पळू नये म्हणून बऱ्याच पोलीस गाड्यांत आतली कडी निकामी केलेली असते. मुलांना त्या सीटवर बसवण्याआधी ती चालू करून घेतलीच पाहिजे.

पोलीस गाडी वाईट असते असं नाही. तिला मोठा रेडिएटर, इंजिन ऑइलचा कूलर, दणकट सस्पेन्शन असतं आणि बहुतेक ठिकाणी ऑइल वेळेवर बदललेलं असतं. गोम आहे ती उभ्या उभ्या चालण्यात. शिपाई तासन् तास एसी लावून रस्त्याच्या कडेला बसतो, मैल वाढत नाहीत, इंजिन मात्र फिरत राहतं. शेवटच्या काही वर्षांच्या पोलीस गाड्यांत ओडोमीटरच्या पट्टीवर इंजिन किती तास चाललं तेही बघता येतं. समजा ९०,००० मैल आणि ६,००० तास दिसले. भागाकार करा, ताशी सरासरी १५ मैल. त्यातले निम्मे तास गाडी जागेवर उभी होती असं धरलं आणि एक तास उभं राहणं म्हणजे साधारण ३३ मैल हा फोर्डचा हिशेब लावला, तर इंजिनाच्या वयात आणखी ९९,००० मैल जमा होतात. किंमत त्या आकड्यावर बोला.

टाउन कारचं पूर्वायुष्य वेगळं. काळी, 'एक्झिक्युटिव्ह' ट्रिमची किंवा 'एल' असेल तर ती बहुधा विमानतळाच्या भाड्यावर फिरलेली. मैल तीन-साडेतीन लाखांपर्यंतही गेलेले असतात, पण हायवेचे. इथे ड्रायव्हरच्या सीटइतकीच मागची उजवी सीट आणि मागचं उजवं दार तपासा, कारण गिऱ्हाईक तिथे बसतं. त्या दाराची बिजागरं ढिली आणि डावं दार घट्ट असेल तर गाडीने काय केलं ते कुणाला विचारायला नको.

ग्रँड मार्की बहुतेक वेळा एखाद्या निवृत्त जोडप्याकडची असते. फ्लोरिडात, ॲरिझोनात अशा गाड्या भरपूर. मैल कमी, सीटवर डाग नाही, हातमोजांच्या कप्प्यात सगळ्या पावत्या. मर्क्युरी हे नावच फोर्डने २०१० मध्ये बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे लोकांना ते आठवत नाही आणि भावही कमी लागतो. पण कमी चाललेल्या गाडीचं रबर उभं राहून म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर 'डीओटी' च्या ओळीत शेवटचे चार अंक बघा. ३५१४ असेल तर तो टायर २०१४ च्या ३५ व्या आठवड्यातला. नक्षी नवी दिसली तरी असले टायर घालून हायवेला जायचं नाही. चार टायरचे पैसे वजा करून बोला.

तिघींत एकच सांगा म्हणालात तर मी खासगी मालकाची ग्रँड मार्की म्हणेन. आई-बाबांसाठीच घ्यायची असेल तर टाउन कार. पोलीस गाडी मात्र ओळखीचा मेकॅनिक पाठीशी असेल तरच.

पाचवी पायरी : चालवून बघा, खालून बघा

पाण्यात म्हैस नि बाहेर मोल करू नका. फोटो बघून आगाऊ रक्कम पाठवणं तर नकोच. इंजिन थंड असताना पोचा. सुरू करताना खडखड आली आणि लगेच थांबली तर एक वेळ चालेल, खडखड चालूच राहिली तर निघा. मग हायवेकडे जाताना ताशी ४० ते ५० मैलांवर ॲक्सिलरेटर अगदी हलका धरा. रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्टीवरून जावं तशी थरथर एक-दोन सेकंद जाणवली तर ती गिअरबॉक्सची आहे. कधी कधी 'मेरकॉन फाइव्ह' हे योग्य द्रव पूर्ण बदलून ती जाते, कधी जात नाही. किमतीत ती धरा.

गंजाची बाब गंभीर आहे. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्कच्या वरच्या भागातली गाडी वरून चकचकीत असते आणि चासी सालपटं निघालेली. वरून कीर्तन, आतून तमाशा. लिफ्टवर चढवल्याशिवाय निर्णय घेऊ नका. स्वतंत्र मेकॅनिककडून खरेदीपूर्व तपासणी करून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. तपासणीला नकार मिळाला तर दुसरी गाडी बघा.

पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे आहे. मागून भरधाव धडक बसून पोलीस गाड्यांना आगी लागल्याच्या घटनांवरून मोठा वाद झाला होता, आणि २००२ पासून फोर्डने पोलीस गाड्यांच्या टाकीला संरक्षक कवचं बसवून दिली. म्हणून मागून ठोकलेली आणि दुरुस्त केलेली गाडी मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेणार नाही.

बर्फाच्या राज्यात राहत असाल तर आणखी एक. या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, कधीच आलं नाही. चाकं जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोलही सगळ्यांत नसतं. मागच्या चाकांवर चालणारी लांब गाडी बर्फात शेपूट फिरवते. हिवाळ्याचे चार वेगळे टायर धरूनच बजेट करा. ते नको असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ब्यूक लसेबर आणि पॉंटिॲक बॉनव्हिल या जनरल मोटर्सच्या जोडीतली २००५ पर्यंतची ३.८ लिटर व्ही-६ वाली बघा. नवीन काही हवं असेल तर क्रायस्लर ३०० आणि डॉज चार्जर ही जोडी २०२३ पर्यंत निघत होती, त्यात चारही चाकांवर चालणाऱ्याही मिळतात. सुरुवातीच्या वर्षांतलं २.७ लिटर इंजिन टाळा, २०११ पासूनचं ३.६ लिटर बघा. चार्जरही पोलिसांत भरपूर होती, तेव्हा चौथी पायरी तिथेही तशीच लागू.

सहावी पायरी : खर्च आणि कागद

ॲव्हरेज कमी आहे, ते मान्य करूनच पुढे जायचं. शेवटच्या वर्षांच्या गाडीचा सरकारी आकडा शहरात १६ आणि हायवेला २४ मैल प्रति गॅलन, सरासरी १९. आपल्या भाषेत लिटरला आठ किलोमीटर. वर्षाला १२,००० मैल धरले तर सुमारे ६३० गॅलन लागतील. २५ ची सरासरी देणाऱ्या गाडीला ४८०. दीडशे गॅलनचा फरक तुमच्या गावच्या भावाने गुणा आणि खरेदीत वाचलेल्या पैशांशी ताडून बघा. रोज ६० मैल ऑफिसला जाणाऱ्याला हे गणित परवडत नाही. आठवड्यातून चार वेळा बाहेर पडणाऱ्याला सहज परवडतं.

विम्याचा भाव गाडी घेण्याआधी, व्हीआयएन देऊन विचारा. इथला ड्रायव्हिंगचा इतिहास नसलेल्याला तो जास्तच लागतो.

टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, 'सॅल्व्हेज' (मोडीत काढलेली) किंवा 'रीबिल्ट' (मोडीतून पुन्हा उभी केलेली) शिक्का नाही ना, कुणाचं कर्ज बाकी नाही ना, विकणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र जुळतं ना, हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलला मैल लिहून देण्याच्या केंद्रीय नियमातून सूट आहे. टायटलवर मैलांच्या जागी 'एक्झेम्प्ट' (सूट) लिहिलेलं असेल तर दचकू नका, पण ओडोमीटरवर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड, ड्रायव्हरच्या सीटची डावी बाजू झिजलेली आणि आकडा मात्र ६०,००० असेल तर दाल में कुछ काला. कॅलिफोर्नियात धुराच्या तपासणीचा दाखला देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, तो हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल बदला (सहा क्वार्ट लागतं), गिअरबॉक्सचं द्रव आणि कूलंटही बदला. आधीचा मालक काहीही म्हणो, तारीख तुमच्यापासून सुरू होऊ द्या. एअर सस्पेन्शन असेल तर टायर बदलणाऱ्याला जॅक लावण्याआधी डिकीतला स्विच बंद करायला सांगा. आणि पोलीस गाडी घेतली असेल तर कुलूपवाल्याला गाठा. ताफ्यातल्या बऱ्याच गाड्यांना एकाच आराखड्याची किल्ली असते, म्हणजे तुमची गाडी उघडणाऱ्या आणि सुरू करणाऱ्या किल्ल्या अजून कुणाकुणाच्या खिशात असू शकतात.